गोळीने वजन झपाट्याने उतरलं, तर आधी डबी वाचा

मागच्या मार्चमधली दुपार. अमळनेरच्या बाजारपेठेत उन्हामुळे शुकशुकाट होता. पारोळ्याकडच्या एका खेड्यातली, पस्तिशीची एक ताई आमच्या औषधाच्या दुकानात आली. पिशवीतून तिने पांढरी प्लॅस्टिकची डबी काढून काउंटरवर ठेवली. "भाऊ, हाई गोयी लिधी तं भूकच लागत नही. पंधरा दिवसमा चार किलो उतरनं," ती म्हणाली. मग आवाज थोडा खाली आणून, "पन रातले झोप येत नही, छाती धडधडस."

ती तक्रार घेऊन आली नव्हती. दिराचं लग्न जवळ आलं होतं आणि तिला तशीच दुसरी डबी मागवून हवी होती.

मी तिला बसवलं, पाच मिनिटं थांबून बीपीचं मशीन लावलं. वरचं १५८, खालचं १०२, नाडी ११४. याआधी तिला बीपीचा त्रास कधीच नव्हता. डबीवर हिरवं पान छापलेलं होतं, 'शंभर टक्के नैसर्गिक' असं लिहिलेलं होतं. कंपनीचा पत्ता नव्हता, परवान्याचा नंबर नव्हता, कॅप्सूलमध्ये काय आणि किती आहे त्याचा एक शब्द नव्हता. किंमत मात्र ठळक होती: १८०० रुपये.

बावीस वर्षं मी औषधाच्या दुकानात उभा आहे. लग्नसराई तोंडावर आली की 'वजनाची गोळी आहे का' हा प्रश्न रोज येतो, आणि २०२५ मध्ये वजनाची ती नवी इंजेक्शनं भारतात आल्यापासून तर दिवसातून तीनदा येतो. काउंटरवर घाईत जे सांगता येत नाही ते इथे सविस्तर लिहितो.

चिठ्ठीशिवाय मिळते म्हणजे नेमकं काय?

आपल्या कायद्यात 'चिठ्ठीशिवाय विकायच्या औषधांची' वेगळी यादी नाही. काही औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायची असतात, त्यांच्या वेष्टनावर 'आरएक्स' ही खूण असते. उरलेली दुकानदार तशीच देऊ शकतो.

पण वजनाच्या म्हणून ज्या डब्या खपतात, त्यांतल्या पुष्कळशा औषध म्हणून नोंदलेल्याच नसतात. त्या 'पूरक आहार' म्हणून विकल्या जातात. त्यांना परवाना अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, म्हणजे एफएसएसएआयचा असतो, जसा फरसाणाच्या पाकिटाला असतो. हा फरक मोठा आहे. नवं अॅलोपॅथीचं औषध बाजारात आणायचं तर ते माणसांवर तपासून, गुण येतो आणि धोका किती आहे हे दाखवावं लागतं. पूरक आहाराला तशी परीक्षा द्यावी लागत नाही. म्हणूनच त्या डबीवर बारीक अक्षरात 'औषधी वापरासाठी नाही' अशा अर्थाची इंग्रजी ओळ छापणं बंधनकारक आहे. पुढच्या बाजूला सपाट पोटाचं चित्र आणि मागच्या बाजूला ही ओळ. ग्राहक पुढची बाजू बघून पैसे देतो.

चरबी जाते कशी, आणि किती वेगाने?

अंगातली चरबी म्हणजे घरातली धान्याची कणगी. रोज जेवढं लागतं त्यापेक्षा जास्त घरात आलं की उरलेलं कणगीत पडतं. कमी आलं की कणगीतून काढावं लागतं. दुसरी वाट नाही. गोळी कोणतीही असो, तिला तीनच गोष्टी करता येतात: घरात येणारं धान्य कमी करणं, आलेलं पचू न देता बाहेर घालवणं, किंवा रोजचा खर्च वाढवणं.

आता थोडा हिशोब. अंगावरच्या एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी साठलेल्या असतात. घरकाम करणाऱ्या बाईचा दिवसाचा एकूण खर्च २००० कॅलरींच्या आसपास धरा. म्हणजे तिने सात दिवस अन्नाचा कण न खाता काढले तरी १४००० कॅलरी खर्च होतील, जेमतेम दोन किलो चरबी. आणि जाहिरात म्हणते, 'सात दिवसांत सात किलो'! सात किलो चरबीला जवळपास ५४००० कॅलरी जाळाव्या लागतील. ते कोणत्याही शरीराला शक्य नाही.

मग काटा खाली येतो तो कशाने? पाण्याने. कापूस विकणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. ओला कापूस काट्यावर जास्त भरतो, म्हणून खरेदी केंद्रावर आधी ओलावा मोजतात. आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यापुढे कपात. तोच कापूस दोन दिवस उन्हात टाकला की वजन घटतं, पण कापूस तेवढाच राहतो. जुलाबाच्या गोळ्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या अंगाला नेमकं हेच करतात. सोनामुखी असलेली 'पोट साफ' चूर्णंही त्यातलीच. जुलाब होतात मोठ्या आतड्यातून, आणि अन्नातलं तेल-तूप, साखर त्याच्या आधीच लहान आतड्यात शोषून घेतलेली असते. जातं ते पाणी आणि क्षार. दोन तांबे पाणी प्यायलं की वजन परत.

क्षारांत पोटॅशियम फार महत्त्वाचं. ते घसरलं की पाय गळतात, गोळे येतात, हृदयाचे ठोके चुकू लागतात. त्यात आपला मुलूख खान्देशचा. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५च्या घरात जातो. कापूस-केळीच्या शेतात राबणाऱ्या माणसाच्या अंगातून आधीच घामाने पाणी जात असतं. त्यावर लघवीची गोळी म्हणजे उष्माघाताला घरी बोलावणं. या दिवसांत मी ही गोळी वजनासाठी कुणालाच देत नाही, ओळखीचा असला तरी.

भूक मारणाऱ्या आणि 'चरबी जाळणाऱ्या' गोळ्यांचं काय झालं?

हा इतिहास लांबलचक आहे आणि वाचून वाईट वाटतं. १९३०च्या दशकात अमेरिकेत डायनायट्रोफेनॉल नावाचं रसायन वजनासाठी लोक सर्रास घेत होते. त्याने वजन खरंच उतरायचं. ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये ठेवून रेस देत राहिलो तर काय होईल? डिझेल जळेल, नांगर हलणार नाही आणि इंजिन तापत जाईल. हे रसायन पेशींमध्ये तेच करतं. अन्न जळतं, पण त्याची शक्ती कामाला न येता उष्णता होऊन बाहेर पडते. माणसं आतून तापून दगावली, कित्येकांना मोतीबिंदू झाले. १९३८ पर्यंत तिथे ते बंद झालं. इंटरनेटवर चोरून आजही विकलं जातं, म्हणून त्याचं नाव मुद्दाम लिहिलं.

पुढे फेनफ्लुरामिन आलं. ते हृदयाच्या झडपा खराब करतं असं दिसल्यावर १९९७ मध्ये अमेरिकेतून मागे घेतलं. रिमोनाबंट आलं. त्याने नैराश्य येऊ लागलं, आत्महत्येचे विचार येऊ लागले. भारताने २००९ मध्ये त्यावर बंदी घातली.

आणि मग सिब्युट्रामिन. हे नाव लक्षात ठेवा. मेंदूतल्या भुकेच्या जाणिवेवर ते काम करायचं आणि त्याच वेळी नाडी आणि बीपी वाढवायचं. त्यावर सुमारे दहा हजार माणसांची मोठी चाचणी झाली. पंचावन्नच्या पुढची, हृदयविकार किंवा मधुमेह असलेली ही माणसं होती. निम्म्यांना औषध, निम्म्यांना औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी. साध्या गोळीवाल्यांत शंभरात दहा जणांना हृदयाचा झटका, लकवा अशा गंभीर गोष्टींना तोंड द्यावं लागलं, तर औषधवाल्यांत हे प्रमाण ११.४ निघालं. फरक लहान वाटेल, पण लाखो लोक घेतात तेव्हा तो हजारो घरांचा असतो. २०१० मध्ये अमेरिकेत आणि फेब्रुवारी २०११ मध्ये भारतात हे औषध बंद झालं.

बंद झालं, पण संपलं नाही.

'पण हे तर आयुर्वेदिक आहे, त्याने काय होणार?'

हा आक्षेप सगळ्यात जास्त ऐकू येतो.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००७ ते २०१६ या काळात ७७६ पूरक उत्पादनांत लपवलेली औषधं पकडली. त्यांतली ३१७ वजन कमी करण्याची होती. त्या ३१७ पैकी २६९ मध्ये सिब्युट्रामिन सापडलं, म्हणजे शंभरातल्या पंचाऐंशींत. वेष्टनावर वनस्पतींची नावं, आत बंदी घातलेलं रसायन. ७५ उत्पादनांत फिनॉल्फ्थेलिन निघालं. शाळेच्या प्रयोगशाळेत आम्लारी ओळखायला वापरायचो, गुलाबी रंग यायचा, तेच. एकेकाळी ते जुलाबाचं औषध होतं, कर्करोगाच्या शंकेमुळे बाद झालं.

सिब्युट्रामिन घेतल्यावर काय होतं? भूक मरते, तोंड कोरडं पडतं, झोप उडते, छाती धडधडते, बीपी चढतं. आता सुरुवातीच्या त्या ताईचं बोलणं पुन्हा वाचा. तिच्या डबीत हेच होतं असं प्रयोगशाळेच्या तपासणीशिवाय कुणालाच म्हणता येणार नाही. पण नुसत्या झाडपाल्याने पंधरा दिवसांत चार किलो उतरणं आणि वर नाडी ११४ होणं, हे मला पटत नाही. म्हणून मी गिऱ्हाइकांना एक उलटी वाटणारी गोष्ट सांगतो: नैसर्गिक म्हणून विकलेली गोळी अजिबात लागू पडली नाही तर पैसे गेले, एवढंच. ती झपाट्याने लागू पडली तर घाबरा.

यात आयुर्वेदाचा कमीपणा नाही. परवाना असलेला वैद्य नाडी बघतो, आहार विचारतो, मग औषध ठरवतो. बिननावाची डबी पार्सलने पाठवणारा तुमचं वयसुद्धा विचारत नाही.

बरं, डबीत लिहिलंय तेच असलं तर? गार्सिनिया हे नाव बऱ्याच डब्यांवर असतं. हे कोकमाचं दक्षिणेतलं भावंड, मलबारी चिंच. तिच्या अर्कावरच्या चाचण्या २०११ मध्ये एकत्र करून पाहिल्या, तेव्हा साध्या गोळीपेक्षा सरासरी एक किलोहूनही कमी जास्तीचं वजन उतरलेलं दिसलं. आणि काहींच्या यकृताला इजा झाल्याची उदाहरणं आहेत. ग्रीन टीचंही तसंच. कपात उकळून प्यायची तर खुशाल प्या. पण तिचा अर्क काढून गोळीत ठासला की गोष्ट बदलते. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये सांगितलं की या अर्कातला मुख्य घटक पूरक गोळ्यांतून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त गेला तर यकृताला त्रास होण्याची चिन्हं रक्तात दिसू लागतात. चवीपुरतं मीठ आणि मूठभर मीठ यांत जेवढा फरक, तेवढाच इथे.

मग खरंच उपयोगी अशी गोळी नाहीच का?

एक आहे, आणि तिच्याबद्दल नीट समजून घ्यायला हवं. ऑर्लिस्टॅट. अमेरिकेत तिची ६० मिलिग्रॅमची कॅप्सूल २००७ पासून चिठ्ठीशिवाय मिळते. १२० मिलिग्रॅमची डॉक्टर लिहून देतात. आपल्याकडे दोन्ही डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात.

ती भूक मारत नाही, हृदयाला हात लावत नाही. तेल-तूप पचवणारं जे पाचकद्रव्य आतड्यात असतं, त्याला ती अडवते. पूर्ण मात्रेत घेतली तर जेवणातल्या स्निग्धाचा साधारण ३० टक्के भाग न पचता बाहेर जातो. दिवसाला ६० ग्रॅम तेल-तूप पोटात जात असेल तर त्यातलं १८ ग्रॅम वाचलं, म्हणजे सुमारे १६० कॅलरी. वर्षभर नेमाने घेतली, जोडीला आहार सांभाळला, तर नुसत्या आहारापेक्षा दोन ते तीन किलो जास्त उतरतात. तीन किलोला नाक मुरडू नये. ऐंशी किलोच्या माणसाने चार किलो जरी कमी केले तरी साखर आणि बीपी सुधारू लागतात.

पण दोन गोष्टी आधीच माहीत असाव्यात. भाकरी, साखर, गूळ यांवर तिचा काहीच परिणाम नाही. आखाजीला पुरणाचे मांडे आणि आंब्याचा रस झाला की त्यातलं गोड सगळंच्या सगळं पचणार. आणि जे तेल पचत नाही ते कुठेतरी जाणारच. तर्रीवाली शेवभाजी किंवा तुपात बुडवलेली बट्टी खाऊन वर ही कॅप्सूल घेतली तर शौचाची एकदम घाई होते, कपड्यांना तेलकट डाग पडतात. लोक लाजेने हे बोलत नाहीत. घाबरण्याचं कारण नाही, तेल जास्त झाल्याची ती खूण आहे.

तेलासोबत अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वंही निघून जातात, म्हणून डॉक्टर ती वेगळी, रात्री झोपताना घ्यायला सांगतात. थायरॉईडची गोळी आणि ही कॅप्सूल एकत्र घेऊ नये, दोन्हींत किमान चार तासांचं अंतर ठेवावं. रक्त पातळ ठेवणारी औषधं चालू असतील, गरोदरपण असेल, पित्तप्रवाहाचा आजार असेल, तर स्वतःच्या मनाने हात लावू नका.

आणि हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. एका मोठ्या चमच्यात साधारण १४ ग्रॅम तेल मावतं, १२० कॅलरींच्या वर. म्हणजे ही महागडी कॅप्सूल दिवसभरात जे काम करते, ते घरातल्या प्रत्येकाच्या वाट्याचं तेल सव्वा-दीड चमच्याने कमी करूनही होतं. भरीत करताना तेलाची बुधली थेट कढईत उपडी करण्याऐवजी पळीने मोजून टाकून बघा. वांग्याची चव तेवढीच लागते.

'माझ्या नणंदेचं उतरलंय की!'

उतरलं असेल. पण १८०० रुपयांची डबी घेतल्यावर नणंदेने आणखी काय केलं, तेही विचारा. पैसे मोजले की माणूस मन लावून वागतो. सकाळी चालायला लागतो, चहातली साखर कमी करतो, रात्रीचं फरसाण बंद करतो. गुण त्याचा आणि नाव गोळीचं. म्हणून तर चाचण्यांत निम्म्या लोकांना औषध नसलेली गोळी देतात आणि कुणाला कोणती ते सांगत नाहीत. त्या साध्या गोळीवरही माणसांचं वजन उतरतं. औषधाचं श्रेय फक्त त्याच्या वरचं.

आणखी एक. वजन अचानक वाढलं असेल तर कारण शोधा. थायरॉईड मंदावलेली असेल, पीसीओडी म्हणजे बीजांडकोशाचा विकार असेल. गुडघेदुखीसाठी कुठून तरी आणलेल्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असलं तर त्यानेही चेहरा आणि पोट सुजल्यासारखं वाढतं. अशी माणसं मी पाहिली आहेत: एका पुडीने वाढलेलं वजन दुसऱ्या डबीने उतरवायला निघालेली.

आणि ती इंजेक्शनं?

मौंजारो मार्च २०२५ मध्ये आणि वेगोवी जून २०२५ मध्ये भारतात आलं. जेवल्यावर आतड्यातून मेंदूला 'पुरे झालं' असा निरोप जातो. तो निरोप नेणाऱ्या संप्रेरकासारखीच ही औषधं काम करतात. त्यांचा गुण खरा आहे. वेगोवीतल्या औषधाच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास वजन उतरलं. पण बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्यातलं दोन तृतीयांश परत आलं. मळमळ, उलट्या, पित्ताशयात खडे, क्वचित स्वादुपिंडाला सूज, स्नायू झिजणं हे सगळं संभवतं. ही चिठ्ठीची औषधं आहेत आणि ती तशीच राहायला हवीत. त्यांच्या नावाने कुणी 'तसलीच गोळी, चिठ्ठी नको' म्हणून काही विकत असेल तर घेऊ नका.

डबी हातात घेतल्यावर काय बघायचं?

उलटी करा. १४ आकडी एफएसएसएआय नंबर असेल तर ते अन्न आहे, औषध नव्हे. औषध असेल, आयुर्वेदिकसुद्धा, तर उत्पादन परवान्याचा क्रमांक आणि कारखान्याचा पूर्ण पत्ता हवा. प्रत्येक घटकाचं नाव आणि मिलिग्रॅम हवेत. 'गुप्त मिश्रण' असं असेल तर परत ठेवा. भाषा परकी असेल आणि वाचताच येत नसेल तरी परत ठेवा.

जाहिरातीबद्दल कायदा काय म्हणतो, हेही फार थोड्यांना माहीत आहे. औषधं आणि जादुई उपचारांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा १९५४चा कायदा आहे. ज्या आजारांवर औषधाची जाहिरात करायची नाही त्यांची यादी त्यात आहे, आणि त्या यादीत लठ्ठपणा आहे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. म्हणूनच हुशार विक्रेते 'लठ्ठपणावर इलाज' असं न लिहिता 'वजन व्यवस्थापन' लिहितात आणि डबीला अन्न म्हणवून घेतात. एसटीच्या थांब्यावर चिकटवलेला 'पंधरा दिवसांत लठ्ठपणा गायब' हा कागद दिसला तर त्याचा फोटो काढून जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे द्या. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे त्यांची कार्यालयं आहेत.

घेणं चालू असेल तर?

छाती धडधडणं, झोप उडणं, हातपाय कापणं, लघवी गडद पिवळी होणं, डोळे पिवळे दिसणं, यातलं काहीही होत असेल तर आजच बंद करा आणि डॉक्टरांना दाखवा. इतर औषधं चालू असली तर ती मात्र आपल्या मनाने बंद करू नका. डॉक्टरांना गोळीचं सांगायला बऱ्याच जणी कचरतात, घरात कळेल म्हणून. न सांगितल्यामुळे काविळीचं कारण शोधण्यात दिवस जातात. कोणत्याही औषधाचा त्रास कळवायला १८००-१८०-३०२४ हा सरकारी फोन आहे, पैसे लागत नाहीत, रुग्ण स्वतः करू शकतो.

डबी फेकून देऊ नका, उरलेल्या कॅप्सूलसकट डॉक्टरांकडे न्या. त्या ताईने तसंच केलं. तीन आठवड्यांनी ती पुन्हा आली तेव्हा बीपी १२६ वर ८४ होतं, झोप लागत होती आणि चारपैकी तीन किलो परत आले होते. या वेळी तिने थायरॉईडची तपासणी कुठे करायची ते विचारलं.